हूक कशाला लावायचा?

"मॅडम, बाकी सगळं समजलं. पण वर गेल्यावर हूक लावायचा कशाला?"

हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा उंचीवरच्या कामाचे सुरक्षा प्रशिक्षण देण्यास सुरुवात करून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात शेडच्या छपराची दुरुस्ती करणारे चौदा कामगार माझ्यासमोर बसले होते आणि पडद्यावर हार्नेसचे, म्हणजे खांदे आणि मांड्यांभोवती बांधायच्या, दोरीच्या टोकाला हूक असलेल्या सुरक्षा पट्ट्यांचे (पुढे मी त्यालाच बेल्ट म्हणते) चित्र होते. विचारणारे गृहस्थ नांदेडकडचे, पन्नाशीला टेकलेले, पंचवीस वर्षे पत्रे ठोकण्यात घालवलेले. "मजबूत आधाराला लावायचा," असे उत्तर मी दिले. त्यांनी मान डोलावली आणि ते गप्प बसले. दुपारी ज्या शेडवर काम व्हायचे होते तेथे मी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा खरा अर्थ मला समजला. साडेसात मीटर उंचीच्या त्या छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्यांखेरीज काहीही नव्हते. हूक अडकवावा अशी एकही जागा नव्हती. सकाळी मी ज्यांना तीन तास बेल्टचे महत्त्व सांगितले, ती माणसे दुपारी तोच बेल्ट अंगावर बांधून आणि हूक खांद्यावर टाकून वर चढली, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. मी ते काम थांबवायला हवे होते. त्या दिवशी मी ते थांबवले नाही, सुदैवाने काही घडले नाही, परंतु ती दुपार मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर माझ्या प्रशिक्षणाचा क्रमच बदलला. आता मी आधी जागा पाहते, मग वर्ग घेते. छपराचा, परांचीचा किंवा टॉवरचा फोटो तरी पाहिल्याशिवाय मी वर्गात उभी राहत नाही, कारण हूक कोठे लागणार हे ज्या शिकवणुकीत सांगता येत नाही ती कामगाराच्या काहीच उपयोगाची नाही, आणि ती त्याला खोटा धीर देते हे त्याहून वाईट.

छपरांविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या कामाची सुरुवातच एका छपरापासून झाली. मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात नोकरीला होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता आणि पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्याची घाई चालली होती. कंत्राटदाराने आणलेल्या चार मुलांपैकी एक, वय बावीस, चालता चालता उजेडासाठी बसवलेल्या फायबरच्या पत्र्यावर पाय ठेवून सरळ खाली आला. वरून पाहिले असता तो पत्रा कोणता आणि सिमेंटचा कोणता हे ओळखू येत नव्हते, कारण दहा-बारा वर्षांची धूळ आणि शेवाळ बसून दोन्हींचा रंग एकच झाला होता. आतून पाहणाऱ्याला मात्र त्या पत्र्यातून येणारा उजेड दिसत होता. म्हणजे खाली यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की धोका नेमका कोठे आहे, आणि वर चालणाऱ्याला ते कोणी सांगितले नव्हते. त्याची पाण्याची बाटली वर पत्र्यावर तशीच उभी राहिली होती. त्याला रुग्णालयात नेण्यात आले, पण तो वाचला नाही.

जुने कारागीर नव्यांना सांगतात की बोल्टच्या रांगेवरून चालावे, कारण त्या रांगेखाली लोखंडी पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यावर ठोकतात तो आडवा दांडा, असते. हे ज्ञान खरे आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु हातात पत्रा, कमरेला हत्यारांची पिशवी, डोक्यावर मे महिन्याचे ऊन आणि पायाखाली चार बोटे रुंदीचा आधार अशा स्थितीत दिवसभर तोल सांभाळणे हे कोणत्याही माणसाकडून मागू नये असे काम आहे. दोन-तीन पर्लिनांवर टेकतील अशा, पुरेशा रुंद आणि एकमेकींशी बांधलेल्या फळ्या टाकून त्यांवरूनच चालणे, फायबरच्या प्रत्येक पत्र्यावर आधी जाळी किंवा प्लाय ठोकून घेणे, खाली सुरक्षेची जाळी ताणणे, आणि जे काम आतून माणसाला वर उचलणाऱ्या लिफ्टवरून किंवा चाकांच्या परांचीवरून होऊ शकते त्यासाठी छपरावर पाऊलच न ठेवणे, हा खरा क्रम आहे. बेल्ट या सगळ्यानंतर येतो. वर्गात मी बेल्ट दाखवण्याआधी अर्धा तास या गोष्टींवर घालवते, आणि कामगारांपेक्षा मागच्या खुर्चीवर बसलेल्या कंत्राटदाराकडे पाहून बोलते.

आता हूक आणि आधार. अमेरिकेच्या नियमांनुसार एका माणसाचे पडणे रोखणाऱ्या आधाराला ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडा अधिक भार पेलता आला पाहिजे. हा आकडा ऐकून लोक चकित होतात, कारण माणसाचे वजन सत्तर-ऐंशी किलो असते. पण उभा असलेला माणूस आणि पडता पडता थांबवलेला माणूस यांचा भार सारखा नसतो. दोन मीटर पडायला सेकंदाचे दोन तृतीयांशही लागत नाहीत, आणि तेवढ्यात वेग ताशी बावीस किलोमीटरवर गेलेला असतो. तो वेग दोरीने एका झटक्यात थांबवला तर शरीराला आणि आधाराला काही टनांचा हिसका बसतो. म्हणूनच पाण्याचा पाइप, केबलचा ट्रे किंवा खिडकीचे ग्रिल हे आधार नव्हेत. साइटवर हूक मात्र तेथेच अडकवलेले दिसतात.

आडव्या लाइफलाइनचेही असेच आहे. हूक अडकवण्यासाठी दोन खांबांच्या मध्ये तार ओढली की सोय झाली असे समजले जाते. मी वर्गात वाळत घालायच्या दोरीची आठवण करून देते. दोरी सैल असली तर ओली चादर तिला झोळ पाडते आणि खिळे सुरक्षित राहतात, पण दोरी ताठ बांधली तर तीच चादर भिंतीतले खिळे वाकवते. ताठ ओढलेल्या तारेच्या मध्यावर माणूस पडला की टोकांच्या खांबांवर त्याच्या हिसक्याच्या कित्येक पट ताण येतो. त्यामुळे त्या तारेची जाडी, झोळ आणि खांबांचे जोड यांचा हिशेब अभियंत्याने करून दिला पाहिजे. मुकादमाने नजरेच्या अंदाजाने ते ठरवणे योग्य नाही, आणि मुकादमावर ती जबाबदारी ढकलणे तर त्याच्यावरही अन्याय आहे.

पडणारा माणूस थांबेपर्यंत खाली किती मोकळी जागा लागते हा हिशेब तर फारच थोड्यांना ठाऊक असतो. दोरी १.८ मीटर, झटका झेलताना उसवत जाणारा शॉक अब्झॉर्बर जास्तीत जास्त १.७५ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतची उंची सुमारे दीड मीटर, आणि शिवाय एक मीटर राखीव. बेरीज सहा मीटरपर्यंत जाते. म्हणजे चार मीटर उंचीच्या स्लॅबवर पायाजवळ हूक लावून काम करणारा माणूस, बेल्ट उत्तम असूनही, जमिनीवर आदळेल. तेथे हूक डोक्याच्या वर लागला पाहिजे किंवा दोरी आखूड असली पाहिजे, आणि सर्वांत चांगले म्हणजे दोरी इतकी मोजून बांधावी की माणूस कडेपर्यंत पोहोचूच शकणार नाही. हूक वर का लावायचा हे समजावण्यासाठी मी दहीहंडीचे उदाहरण देते. मुंबई-ठाण्याच्या अनेक हंड्यांमध्ये सर्वांत वरच्या गोविंदाच्या पाठीला दोर असतो आणि तो दोर त्याच्या डोक्यावरच्या क्रेनला असतो. थर कोसळला की खालचे सगळे खाली येतात आणि वरचा मुलगा जेथल्या तेथे लोंबकळत राहतो. हे दृश्य सर्वांनी पाहिलेले असते, त्यामुळे मग आकडेमोडीची गरज उरत नाही.

प्रात्यक्षिकासाठी आमच्या आवारात परांचीच्याच पाइपांची आणि एका आय-बीमची चौकट उभी केलेली आहे. सुरुवात वाळूच्या गोणीने होते. ऐंशी किलोची गोणी साध्या नायलॉनच्या दोरीला बांधून दोन मीटर खाली सोडली की सगळी चौकट हादरते, आवाज छातीत घुसतो आणि कित्येकदा दोरी तुटते. तीच गोणी अब्झॉर्बरला लावून सोडली की शिलाई फाटत जाण्याचा खरखरीत आवाज येतो आणि गोणी थबकत थांबते. युरोपीय मानकानुसार हा हिसका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे ६०० किलो भाराच्या आत राहिला पाहिजे. गोणी दोनदा पडेपर्यंत मी एक शब्दही बोलत नाही.

मग प्रत्येकाने हार्नेस घालून लटकायचे असते. पाय जमिनीपासून वीतभरच वर, बाजूला स्टूल, आणि मी समोर उभी. पहिल्या मिनिटाला हसणे असते, मित्र मोबाइलवर फोटो काढतात. दुसऱ्या मिनिटाला हसणे थांबते. मांड्यांचे पट्टे काचू लागतात, पायांना मुंग्या येतात आणि ज्याने पट्टे ढिले ठेवलेले असतात तो सर्वांत आधी स्टूल मागतो. गेल्या हिवाळ्यात टॉवरवर काम करणारा एक तरुण खाली उतरल्यावर बराच वेळ मांड्या चोळत बसला होता. नंतर तो उठला, त्याने न सांगता हार्नेस पुन्हा घातला, मांडीच्या पट्ट्यात आपला तळवा सपाट सरकतो की नाही हे पाहिले, कडी दोन्ही खांद्यांच्या मधोमध आली का हे सोबत्याकडून तपासून घेतले आणि मला म्हणाला, "आता पुन्हा लटकवा." एका तासाच्या भाषणाने जे होत नाही ते असे दोन मिनिटांत होते.

बेल्ट तपासायला शिकवण्यासाठी मी पाच खराब बेल्ट जपून ठेवले आहेत. एकाची शिलाई उसवलेली आहे, एकावर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बारीक भोके पडली आहेत, एकाच्या हूकची स्प्रिंग गेलेली आहे, एकाचे लेबल फाटले असल्याने तो केव्हाचा आणि कोणत्या मानकाचा हे कळत नाही, आणि पाचव्याचा अब्झॉर्बर एकदा उघडून गेल्यावर कोणीतरी तो घडी घालून काळ्या टेपने पुन्हा गुंडाळला आहे. हा पाचवा मला एका चालू साइटवर सापडला होता. ज्याने टेप लावली त्याला बहुधा वाटले असेल की आपण वस्तू नीट करून ठेवली. त्याला दोष देण्यापेक्षा, पडणे झेललेला बेल्ट पुन्हा वापरायचा नसतो हे त्याला कोणी सांगितले होते का, असा प्रश्न मला पडतो. लेखी परीक्षा मी घेत नाही. ज्याला वाचता येत नाही तोही बोटांनी शिलाई चाचपून दोष सांगू शकतो, आणि वर्गात झारखंड, बंगाल, ओडिशा, मराठवाडा अशा सर्व ठिकाणची माणसे असताना हीच भाषा सर्वांना येते. भारतीय मानकाचा क्रमांक, आयएस ३५२१, मात्र मी सर्वांना लेबलावर बोट ठेवून ओळखायला लावते.

स्त्रियांविषयी मला विशेष लिहायचे आहे, कारण त्यांच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या, स्लॅबच्या कडेवर उभ्या राहून विटा झेलणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा शर्ट घालून काम करतात. साडीवरून मांडीचे पट्टे बांधता येत नाहीत. मग त्यांना एक तर काहीच दिले जात नाही किंवा नुसता कमरेचा पट्टा दिला जातो. कमरेच्या पट्ट्यावर पडलेल्या माणसाचा सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो, आणि उलटे झाल्यास तो त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत पडणे रोखण्यासाठी असा पट्टा वापरणे १ जानेवारी १९९८ पासून बंद झाले. आमच्याकडे तो अजूनही हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो. एका वर्गात मी बायकांसाठी सैल ट्रॅक पँट नेल्या होत्या. कोणी हात लावेना. थोड्या वेळाने एक वयस्क मावशी हळूच म्हणाल्या, "घालू की, पण बदलायचं कुठं?" त्या साइटवर स्त्रियांना कपडे बदलण्यासाठी आडोसा नव्हता. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या यादीत आडोसा हा मुद्दा हार्नेसच्या आधी येतो, आणि तो पुरा झाल्याशिवाय पुढच्या मुद्द्याला मी खूण करत नाही.

स्लॅबमधल्या भोकांची गोष्ट थोडक्यात सांगते. डक्टच्या किंवा लिफ्टच्या भोकावर प्लाय नुसता टाकून ठेवणे हे उघड्या भोकापेक्षा अधिक घातक असते. प्लाय मोकळा पडलेला दिसला की कोणीतरी तो उचलतो, दोन्ही हातांनी समोर उभा धरतो, आणि त्यामुळेच समोरचे न दिसल्याने एक पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल भोकात पडते. प्लाय खिळ्यांनी पक्का करावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत व चित्राने "खाली भोक आहे" असे दाखवावे. याला खर्च नगण्य येतो.

प्रकृतीचेही तसेच. फेफरे, चक्कर, रक्तदाब आणि नजर यांची तपासणी झाल्याशिवाय कोणालाही वर पाठवू नये. त्याबरोबरच उपवास आणि रोजे विचारात घ्यावेत. श्रावणी सोमवारी किंवा रमजानमध्ये दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्यावर पाठवण्याऐवजी त्या माणसाला सकाळी सातला वर चढवून अकराला खाली उतरवता येते. श्रद्धेला हात न लावता वेळापत्रक बदलणे मुकादमाच्या हातात असते, आणि बहुतेक मुकादम सांगितल्यावर ते आनंदाने करतात.

वर्गाच्या शेवटी मी एकच प्रश्न विचारते. माणूस पडला, बेल्टने त्याला धरले, तो वीस मीटरवर लोंबकळतो आहे. आता त्याला खाली कोण आणणार, आणि कशाने? बहुतेक वेळा शांतता पसरते. कोणी १०१ म्हणते, कोणी १०८. दोन्ही फोन करायलाच हवेत, परंतु लोंबकळणाऱ्याच्या पायांत रक्त साचत जाते आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. तेवढा वेळ त्याने पाय हलवत राहावे, पट्ट्यात पाऊल अडकवून उभे राहण्याचा प्रयत्न करावा, हे मी लटकवतानाच शिकवलेले असते. पण त्याला उतरवण्याची शिडी, लिफ्ट किंवा पुलीचा संच आणि तो वापरता येणारी दोन माणसे ही काम सुरू होण्यापूर्वी तेथे असली पाहिजेत. उंचीवरच्या कामाच्या ज्या परवान्यावर (परमिटवर) याचा उल्लेख नाही त्यावर माझी सही मिळत नाही, आणि यावरून माझे काही चांगल्या लोकांशी संबंध बिघडलेही आहेत.

कायद्याची बाजू अशी की बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा होता, आणि आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बांधकामावर २५० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमणे या संहितेने बंधनकारक केले आहे. पूर्वी ही संख्या ५०० होती, त्यामुळे हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. पण मी आतापर्यंत वर्णन केलेली माणसे कोठे असतात ते पाहा. छपराची गळती काढायला चार जण जातात. सोसायटीची इमारत रंगवायला झुल्यावर तिघे बसतात. पाण्याच्या टाकीवर, जाहिरातीच्या फलकावर, सौर पॅनेल बसवायला बंगल्याच्या गच्चीवर दोघे-दोघे चढतात. त्यांच्याजवळ सुरक्षा अधिकारी कधीच नसणार. तेथे सुरक्षा म्हणजे काम देणारा कारखानदार, सोसायटीचा सचिव आणि घरमालक. म्हणून आता मी सोसायट्यांच्या बैठकांनाही जाते आणि रंगकाम ठरवणाऱ्यांना एवढेच सांगते की दर ठरवताना रंगाची कंपनी विचारता, तसे झुल्याचा दोर आणि माणसाच्या बेल्टचा दोर वेगवेगळ्या आधारांना बांधणार का, हेही विचारा. दोन्ही दोर एकाच आधाराला असले तर तो आधार सुटताच झुलाही जातो आणि माणूसही.

परवा चाकणहून एका कंत्राटदारांचा फोन आला. बारा जणांचे प्रमाणपत्र दोन दिवसांत हवे होते, कारण त्याशिवाय कारखान्याच्या दारातून आत सोडत नाहीत. मी छपराचे फोटो मागितले. त्यांना ते आवडले नाही, पण रात्री फोटो आले. एकूण सात, त्यांतला एक शेडच्या आतून काढलेला, आणि त्यात उजेडाचे चौकोन स्पष्ट दिसत होते. मी मोजले, ते अठरा होते. मी त्यांना कळवले की सोमवारी सकाळी सातला मी तेथे येईन, कारखान्याच्या अभियंत्याने शेडच्या सांगाड्याचा नकाशा घेऊन हजर राहावे, आणि अठरा चौकोनांसाठी अठरा प्लाय व खिळे आणून ठेवावेत. वर्ग नऊ वाजता सुरू होईल. तोपर्यंत हूक कोठे लागणार हे छपरावर रंगाने खूण करून दाखवलेले असेल.